खासदारांच्या खांद्यामागे

टिक्. मी ह्यांच्या शर्टाला लावत होते ते बटण फरशीवर पडलं आणि दुपारची सामसूम मोडली. झोपलेली पोरगी चुळबुळली. खाटेवर हे डोळे मिटून पुटपुटत होते, "गिरणीवाला, गुडघा दुखतो. कुंभारीण, लेक परत नांदायला गेली..."

आमच्या ह्यांचं कामच ते. प्रचारात खासदारांच्या खांद्यामागे उभं राहायचं आणि समोर येईल त्याचं सुखदुःख त्यांच्या कानात घालायचं. पाच वेळा निवडून आले ते या पुटपुटीवर. लोक म्हणतात, एवढा मोठा माणूस, पण आमची म्हैससुद्धा विसरत नाही! म्हैस लक्षात कोण ठेवतं, ते मला विचारा.

मी बटण उचललं. "अहो, ऐकलंत का? तांबडी गाय व्याली परवा."

"छान झालं."

"छान कसलं? कालवड..."

"आता काही सांगू नकोस, बाई. अजून दोन गावं डोक्यात बसवायचीत. त्यात तुझी कालवड घुसली तर एखादी म्हातारी बाहेर पडेल."

बटणाविनाच शर्ट चढवून गेले, ते निकालापर्यंत घरी फिरकले नाहीत.

कालवड मेलेली निघाली होती. पायाकडून आली होती. मी आणि थोरल्या जाऊबाईंनी कोपरापर्यंत हात घालून ओढली, तरी हाती लागली ती थंडगार. तांबडी तीन दिवस हंबरत होती.

सवत असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या. अख्ख्या मतदारसंघाच्या झिंज्या कशा धरायच्या? कुंभारणीच्या लेकीचं सासर ह्यांना तोंडपाठ. स्वतःच्या लेकीचा पुढचा दात पडला, त्याचा पत्ता नाही.

खासदार सहाव्यांदा निवडून आले. आभार मानायला धुळीच्या लोटासकट आमच्या गल्लीत शिरले. मागे हे, डोळे लाल, घसा बसलेला.

"काय वहिनी, पाठदुखी काय म्हणते?" खासदारांनी जाऊबाईंना विचारलं.

जाऊबाईंची पाठ तिथल्या तिथे बरी झाली. मला मात्र झोंबलं. जाऊबाईंची पाठसुद्धा ह्यांच्या लक्षात आहे!

मग खासदार माझ्याकडे वळले. हे पुढे झुकून त्यांच्या कानाशी लागले. खोटं कशाला बोलू, एवढ्या माणसांत आपली पाळी आली म्हणून मला लाजल्यासारखं झालं.

"काय सूनबाई, तांबडी व्याली म्हणे! काय झालं?"

जाऊबाईंनी हात तोंडावर घेतला. हे माझ्याकडे बघून हसत होते, बघ, विसरलो नाही, असं. ते हसू मोडायला माझी जीभ उचलेना.

"कालवड," मी म्हटलं.

"वा! आता घरात दूधच दूध!" खासदार शेजारच्या दाराकडे वळले. त्यांच्यामागे हे, पुढचं नाव पुटपुटत.

पोरीने माझा हात ओढला.

"आई, खासदारांच्या कानात बाबा सांगतात. मग बाबांच्या कानात आपलं कोण सांगतं?"