पेटंटातली करंगळी

जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्या सुनेला एका जॉयस्टिकची आतली रचना कळेना, म्हणून तिने त्या जॉयस्टिकचं चाळीस वर्षांपूर्वीचं पेटंट शोधून काढलं. "त्यातली चित्रं मी काढलीत," असं सासरे नेहमी सांगत आणि नवरा हसून म्हणे, "बाबांच्या थापा!"

पेटंटावर सासऱ्यांचं नाव कुठेच नव्हतं, सगळीकडे कंपनीच्या साहेबाचं. तिचं मन खट्टू झालं. पण तिसऱ्या चित्रात जॉयस्टिक धरलेला हात होता आणि त्याची करंगळी टोकाशी बाहेर वाकलेली होती. समोर कप धरून बसलेल्या सासऱ्यांची थेट तशीच.

"बाबा, हा हात कुणाचा?"

"माझाच गं, डावा. उजवा चित्र काढण्यात गुंतला होता ना!"

तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या. बाबांची थाप बघायला!"