तिसऱ्या मजल्यावरचा चमत्कार

आमच्या शहरातले सगळे अपंग एका महिन्यात बरे झाले. औषध नाही, अंगारा नाही, डोक्यावर हात ठेवणंही नाही. शनिवारी सकाळी नगरपालिकेच्या आवारात त्याचा सोहळा होता. गर्दी पार रस्त्यापर्यंत गेली होती. फलकावर एवढं मोठं शून्य रंगवलं होतं की त्यातून म्हैस पलीकडे गेली असती.

चमत्कार करणारे गृहस्थ नगरपालिकेचे सल्लागार. लोक त्यांना शून्यमहाराज म्हणू लागले होते.

"मी औषध देत नाही, मी दृष्टी देतो!" ते माइकवर गरजले. "जुन्या यादीत तीनशे बारा दिव्यांग होते. मी पडताळणी केली. आज उरले किती?"

"शून्य!" गर्दी ओरडली. एका आजोबांनी तर हात जोडले.

बावीस वर्षं मी अपंगांच्या हक्कांचे मसुदे लिहितेय आणि ते न वाचणाऱ्या साहेबांशी भांडतेय, तेही चाकाच्या खुर्चीतून. गेला महिनाभर नव्या नियमांच्या कामासाठी बाहेरगावी होते. आवारातल्या भिंतीवर नवी यादी लावली होती, तिच्यात माझंही नाव निघालं. शेरा : सक्षम. म्हणजे मी बरी झाले होते आणि मेल्यांनी मला कळवलंसुद्धा नव्हतं!

मला हसू फुटणार होतं, पण शेजारच्या खुर्चीतल्या शिंपिणीचे डोळे भरले होते. अकरा वर्षं घरात काढल्यावर चार महिन्यांपूर्वी तिला कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं. चाकाची खुर्ची आत घेणारी शहरात एकच बस, तिनेच ती जायची. आता अपंगच उरले नाहीत म्हटल्यावर ती बस सोमवारपासून बंद. नगराध्यक्षबाई तसल्या ठरावावर सही करायला पर्समध्ये पेन शोधत होत्या.

"ताई, काहीतरी करा हो," शिंपीण म्हणाली. "मला परत त्या खिडकीशी नाही बसायचं."

मी शिपाईकाकांना गाठलं. "काका, पडताळणी झाली कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"आणि लिफ्ट?"

"आहे की. जुन्या फायली ठेवल्यात तिच्यात."

"मग लोक वर आले कसे?"

काकांनी डोकं खाजवलं. "जिना चढून. सल्लागारसाहेब म्हणाले, जिना चढला तो सक्षम."

"आणि जे आलेच नाहीत?"

"गरज असती तर आले असते म्हणाले. म्हणून तेही सक्षम."

घ्या! एवढाच होता चमत्कार. मी खुर्ची थेट स्टेजपाशी नेली. वर जायला उतार नव्हताच, म्हणून खालूनच आवाज चढवला.

"महाराज, एक तास द्या. तेच टेबल, तीच वही, फक्त फाटकाशी मांडा."

"मॅडम, विज्ञानात शंकेला जागा नसते."

"अहो, तिथे तीच तर पहिली बसते!"

लोक हसले. नगराध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "तासाचाच प्रश्न आहे ना? होऊ दे."

काकांनी टेबल तीन मजले उतरवलं आणि घाम पुसत वही उघडली. पहिलं नाव शिंपिणीचं. मग फोन गेले आणि माणसं येऊ लागली. कुणी कुबड्यांवर, कुणी तीनचाकीवर, कुणी भावाच्या पाठीवर. पांढरी काठी टेकत गाण्याचे मास्तर आले.

"मी गेलो होतो वर," मास्तर म्हणाले. "साहेब म्हणाले, जिना चढलात, म्हणजे दिसतंय तुम्हाला. म्हटलं, सरकारी कागद आहे, दिसत असेलही."

तासाभरात एकसष्ट नावं झाली.

"बघा!" शून्यमहाराज किंचाळले. "एका तासात एकसष्ट दिव्यांग वाढवले या बाईंनी!"

यावर जो हशा पिकला, त्यात महाराजांचा माइक कुणीतरी बंद केला. नगराध्यक्षबाईंनी ठराव फाडला, बस चालू राहील असं सांगितलं आणि लिफ्टमधल्या फायली काढायला माणसं पाठवली. शिंपीण माझा हात धरून ढसाढसा रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

पण खरं सांगू? मला राग महाराजांपेक्षा टाळ्यांचा आला. कुणी हवेतून राख काढली तर आपण निदान त्याची बाही तरी बघतो. आकडा काढला की नुसत्या माना डोलावतो. त्या गर्दीतल्या अर्ध्याअधिक लोकांच्या घरात, शेजारात त्या यादीतलं एक माणूस होतं. सकाळी त्याला हात देऊन उठवलं आणि इथे येऊन 'शून्य' ओरडले!

सोमवारी शिंपीण बसने कामावर गेली. म्हणून सांगते, पुन्हा कुणी असं शून्य दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारा : टेबल कितव्या मजल्यावर होतं?