सावलीतली गाडी

"थोडक्यात, माश्यांचा काही दोष नाही," जनुकवाल्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या रंगीत रेघोट्या बंद केल्या. "त्यांचा अख्खा जनुकक्रम वाचला. सुरुवातीला आणलेल्या मूळ माश्या स्पिरिटच्या बाटलीत जपून ठेवल्या होत्या, त्यांच्याशीही ताडून पाहिला. वंश शुद्ध आहे आणि दमदार आहे. खोलीत वाढवून वाढवून त्या बिघडल्या, ही शंका आता काढून टाका."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या ताईंनी हळूच रुमाल डोळ्यांना लावला. संगोपन खोलीत त्या माश्या वाढवणाऱ्या याच. टोमॅटोवाल्या काकूंचं पीक अळीने पोखरल्याची तक्रार आली, तेव्हापासून ऑफिसात जो तो ताईंकडे संशयाने बघत होता. वर्षभर रखडलेलं जनुकांचं कामही त्या तक्रारीमुळेच मार्गी लागलं होतं. निकाल येईपर्यंत ताईंना अन्न गोड लागलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी पोस्टमन बसला होता. हा काही टपाल खात्यातला नव्हे. संस्थेची गाडी चालवायची आणि कार्डं घरोघर, मळोमळी पोहोचवायची, हे त्याचं काम. प्रत्येक कार्डावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे पतंगाचं अंडं, आणि त्याच्या आत बाहेर पडायच्या तयारीत असलेली एक चिमुकली गांधीलमाशी. कार्ड पानाखाली टाचलं की माश्या निघतात, किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात, आणि अळी जन्माला यायच्या आधीच संपते. "मी जिवंत टपाल वाटतो," असं तो कुणीही न विचारता सांगायचा. त्यावरून पडलेलं नाव त्याला मनापासून आवडायचं.

"मग सरळ आहे," साहेब म्हणाले. "माश्या चांगल्या, म्हणजे टोमॅटोवाल्या बाईंनीच चोरून औषध फवारलं. माश्या मेल्या, अळ्या राहिल्या. अहवालात तसं घाला. पुढच्या हंगामापासून त्यांना कार्डं बंद. पोस्टमन, तुम्ही त्या बाजूला जाताच आहात, त्यांच्या कानावर घालून या."

पोस्टमनने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"बरं," तो म्हणाला.

ताईंनी त्याच्याकडे बघून ओले डोळे मिचकावले. "सुटले बाई एकदाची," त्या पुटपुटल्या. त्याला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

काकूंनी औषध फवारलं नव्हतं, हे जगात दोघांनाच माहीत होतं. काकूंना आणि त्याला. काकूंकडे कार्डं न्यायच्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने गाडी झाडाच्या सावलीत लावली, आणि जरा म्हणून पाठ टेकली. सावली सरकली, तो काही सरकला नाही. जागा झाला तेव्हा मागच्या पेटीच्या झाकणाला हात लागताच चटका बसला. आतली कार्डं होती तशीच दिसत होती. जिवंत ठिपका काळा असतो, मेलेलाही काळाच. माघारी जाऊन ताईंकडून दुसरी कार्डं आणता आली असती. फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. पण कामाच्या वेळी डोळा लागला, हे या वयात कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने ती कार्डं काकूंच्या टोमॅटोला टाचली. काकू एकेक पान उचलून धरत होत्या आणि तो टाचत होता. पाणी विचारलं तर नको म्हणाला आणि निघून आला.

आज काकू घरामागच्या मळ्यातच होत्या. निवृत्त शिक्षिका, डोक्यावर मुलाची जुनी टोपी. झाडं वाळत आली होती. पोस्टमनचं लक्ष फांद्यांकडे गेलं आणि तो जागीच थबकला. प्रत्येक कार्डावर चहाचा कागदी कप उपडा टांगलेला होता, दोऱ्याने नीट बांधलेला.

"हे काय, काकू?"

"वरून पाणी ठिबकायचं, कार्डं भिजायची. म्हणून छत्र्या केल्या." काकू जरा ओशाळून हसल्या. "शेजारचे म्हणतात, म्हातारी किड्यांचे लाड करते. हंगाम संपला तरी काढवेना. म्हटलं, असतील दोन-चार उशिराने निघायच्या." मग आवाज खाली आला. "माझंच काहीतरी चुकलं असेल ना हो भाऊ? पाणी जास्त झालं का?"

साहेबांचा निरोप त्याने सांगितलाच नाही. त्याने मान खाली घातली आणि सांगून टाकलं. झाड, सावली, झोप, चटका, सगळं.

 दोऱ्याचं एक टोक काकूंनी बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"माश्या मेलेल्या होत्या? मी पानं धरली, तेव्हाच?"

"हो."

"ऑफिसात सांगितलंत?"

"नाही अजून. आधी म्हटलं तुम्हाला…"

"मी पटकन माफ करीन म्हणून?"

तसंच होतं. शाळेत कुणी चोरून उत्तर लिहिलं की त्या अशाच शांतपणे बघत असाव्यात, असं त्याला वाटलं. त्याने फोन काढला. साहेबांचा नंबर वर होता, पण त्याने आधी ताईंचा लावला.

"बोला पोस्टमन," ताईंचा आवाज आज किती दिवसांनी मोकळा होता. "कानावर घातलंत का बाईंच्या?"

"ताई, माश्या मी मारल्या," तो म्हणाला. "काकूंनी काही फवारलेलं नाही. मी येतोय साहेबांकडे. तुम्हीही थांबा."

पलीकडून संगोपन खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू आली. मग फोन बंद झाला.

काकू कप काढू लागल्या होत्या. गाठ सोडायची, कप दुसऱ्या कपात बसवायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. खालच्या फांदीशी वाकताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. पोस्टमन पुढे झाला आणि त्या फांदीवरच्या कपाला त्याने हात घातला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "माझं मी काढते."

तो हात मागे घेऊन उभा राहिला. त्यांनी तो कप सोडवला, आत साचलेली धूळ फुंकली आणि बाकीच्यांवर ठेवला.