गोष्टीत उगवलेलं शेत

पेरणीच्या आदल्या दिवशी दोघी जावा पडवीत बी निवडत बसल्या होत्या. सुपातले खडे आणि किडके दाणे बाजूला काढायचे, चांगलं बी टोपलीत टाकायचं. थोरली बोलायची कमी आणि निवडायची जास्त; धाकटीचं नेमकं उलट. तिच्या मांडीशी नवऱ्याचं नवं पुस्तक उघडं पडलं होतं आणि वाऱ्याने पान उलटू नये म्हणून तिने त्यावर मापटं ठेवलं होतं.

तिचा नवरा शेतकरी होता आणि लेखकही. गावात त्याला सगळे 'लेखक' म्हणूनच हाक मारत, थोडं कौतुकाने आणि बरंचसं चिडवायला. "काय लेखक, औत रानात चाललंय की कागदावर?" असं कुणीतरी विचारायचं आणि तोही हसायचा. लिहायचा मात्र चांगलं, ते नाकारून चालणार नाही. मातीचा वास, बांधावरची भांडणं, एकाच्या पेरणीला धावून जाणारं सगळं गाव, हे वाचून शहरातल्या माणसांना गलबलून यायचं.

नव्या पुस्तकातली सगळ्यात गाजलेली गोष्ट एका विधवेची होती. या गावात रीत अशी की, पेरणीची पहिली मूठ घरच्या सवाष्णीने टाकायची आणि विधवेने त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिच्या हातचं बी उगवत नाही म्हणे. आदल्या दिवशी तेच बी निवडायला तिचा हात चालतो, नंतर खुरपायला चालतो, कापायला आणि डोक्यावर भारे वाहायला तर हमखास चालतो. अपशकुन काय तो पेरण्यापुरता. कष्ट तिचे आणि शकुन दुसऱ्याचा, अशी ही सोयीची वाटणी.

लेखकाचा मोठा भाऊ तापाने गेला तेव्हापासून थोरलीही पेरणीच्या दिवशी माजघरात सासूशेजारी बसायची. सासू तिच्याही आधीपासून तिथे बसत आली होती. विहिरीकडचा तुकडा थोरलीच्या नवऱ्याचा. तो एकदा तरी आपल्या हाताने पेरावा, एवढीच तिची इच्छा होती आणि ती तिने धाकटीपाशीच काय ती बोलून दाखवली होती.

"वाच ना पुढे," थोरली म्हणाली.

धाकटीने मापटं उचललं. गोष्टीतली विधवा सगळ्यांना न जुमानता रानात जाते, मूठ टाकते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवे कोंब वर येतात. सगळं गाव बघायला लोटतं. म्हातारे पुढे होऊन तिच्या हातात बियाण्याची टोपली देतात.

थोरलीचे हात सुपात थांबले. "उगवलं?"

"उगवलं की."

"आणि गाव काही बोललं नाही?"

"रडले म्हणे सगळे."

थोरलीने उघड्या पानावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाली, "भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहिलंय ना? म्हणजे त्यांची ना नाही."

धाकटी हसली. या बोलण्यात काय आहे ते तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माजघरातली एक जागा रिकामी होती. जमिनीत ओल अगदी बेताची होती. चिखल नाही, धूळ नाही, मूठभर माती दाबली तर लाडू व्हावा आणि बोट लावलं तर फुटावा. थोरली विहिरीकडच्या तुकड्यात अनवाणी चालत होती. टोपली कमरेवर होती आणि हात एका लयीत फिरत होता. बहुतेक तुकडा पेरून झाला होता.

गाव पेरणीला आलं ते हे बघूनच थबकलं. गावचे थोरले काका बांधावर उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्याची गरजच पडत नसे.

"लेखक, हे काय?"

लेखक धावत आला. वहिनी त्याच्याकडे बघून हसली. कित्येक वर्षांनी ती अशी मोकळी हसली असेल. "भाऊजी, झालंच आहे बघा. एवढा कोपरा राहिलाय."

"आम्हाला तुझ्याशी भांडायचं नाही," काका म्हणाले. "पण हे बी जमिनीत राहिलं, तर आज तुझ्या रानात कुणी उतरणार नाही. कापणीलाही नाही. तुझं तू बघ."

ज्या गावपणावर लेखकाने पानंच्या पानं लिहिली होती ते असं हाताची घडी घालून बांधावर उभं होतं. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळे ओळखीचे, लहानपणापासूनचे. कुणी नजर दिली नाही.

"पुढच्या वर्षी बघू, वहिनी," तो म्हणाला. "मी सगळ्यांना समजावतो. आत्ता जरा..."

आणि त्याने बैल जुंपले. दुसऱ्या कुणाला सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून नांगर त्याने स्वतःच धरला. पेरलेल्या तुकड्यावरून तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला आणि परत आला. दाणे मातीबरोबर उलथून वर येत होते आणि पाखरं मागोमाग उतरत होती.

थोरली टोपली धरून उभी होती. तो जवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, गोष्टीत तर उगवलं होतं."

त्याने बैलांना पुढे हाकललं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्या वेळी कुणी तोंडावर म्हटलं असतं तर कदाचित बरं झालं असतं.

थोरली घरी आली, एक गाठोडं बांधलं आणि कुणाशी न बोलता रस्त्याला लागली. धाकटी फाट्यापर्यंत मागे गेली, हात धरला, रडली. थोरलीने तिचा हात सोडवून घेतला. "माजघरात बसून माझं वय गेलं गं," ती म्हणाली. "आता तिथे बसवत नाही."

धाकटी परतली तेव्हा गाव रानात ताटकळत उभं होतं. पहिली मूठ तिची. नवऱ्याने टोपली पुढे केली.

"मी नाही टाकणार," ती म्हणाली.

"अगं, सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. तुम्ही आहात तोवर माझा हात चांगला. उद्या तुमचं काही झालं की याच हाताला कीड लागणार. असल्या हाताची मूठ कशाला हवी? जाऊबाईंना आणा. त्या आधी टाकतील, मग मी."

शेवटी काकांनी सासूला बोलवायला माणूस पाठवला. घर रानाला लागूनच होतं; म्हातारी दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. "टाक गं बाई," ती तिथूनच म्हणाली. "नाहीतर घर बुडेल."

"तुम्ही टाका, आई. या बाहेर."

म्हातारीने आपल्या हाताकडे पाहिलं. ओठ हलले, पण पाय हलला नाही. मग ती मागे वळून आत गेली. धाकटीला नवऱ्याचा राग आला होता, पण वाईट वाटलं ते सासूकडे बघून.

पहिल्या मुठीशिवाय पेरणी नाही, म्हणून गाव पांगलं. ओल काही कुणासाठी थांबत नाही. ऊन चढलं तशी जमीन सुकत गेली. त्या वर्षी लेखकाचं रान पडीक राहिलं. दोघा नवरा-बायकोंनी दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली. लेखक तर कागद पुढे घेऊन नुसताच बसायचा.

पुस्तकाचं मात्र बरं चाललं होतं. माणसं भेटायला यायची, ती गोष्ट वाचून कसं रडू आलं ते सांगायची, चहा पिऊन जायची. थंडीत शहरातून एक शाळामास्तर आले. हातात पुस्तक, डोळ्यांत पाणी.

"ते शेत दाखवाल का?" त्यांनी विचारलं. "जिथे उगवलं ते."

लेखक खाली बघत बसला. धाकटी उठली आणि मास्तरांना विहिरीकडे घेऊन गेली. ढेकळं, वाळकं गवत, दुसरं काही नाही.

"इथे तर काहीच नाही," मास्तर म्हणाले.

"उगवलं ते पुस्तकात. इथे पेरलं होतं माझ्या जावेने. नांगरून टाकलं यांनी."

मागून आलेला लेखक बांधावर उभा होता. त्याने ते ऐकलं आणि नाही म्हटलं नाही. मास्तरांनी सहीसाठी काढलेलं पेन खिशात ठेवलं. मग त्यांनी धाकटीला विचारलं,

"त्या बाई आता कुठे असतात?"

धाकटीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "इतकी माणसं इथे रडून गेली," ती म्हणाली, "पण हे विचारणारे तुम्ही पहिलेच. शहरात एका खानावळीत भांडी घासतात."

"मी दाखवतो खानावळ," लेखक एकदम म्हणाला. "चला, मी येतो तुमच्याबरोबर."

"दाखवायला नको," धाकटी म्हणाली. "आणायला जा. आणि जाताना आधी काकांच्या दारात उभे राहून सांगून जा, कशाला चाललात ते."