आठ जीबीची बोलती शिळा

लाइट गेली आणि शिळा बोलली.

नेरहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मोठा मांडव पडला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या. मांडवाच्या टोकाला चौथरा, चौथऱ्यावर शेंदूर फासलेली कमरेएवढी शिळा. शिळेच्या कपाळावर काळ्या काचेचा डोळा. शेजारी गादीवर नादानंद महाराज. लोडशेडिंगची वेळ झाली, पंखे थांबले, आणि त्या शांततेत शिळेतून एका पुरुषाचा आवाज आला.

“विमल... पोरीले इकडे आण. गोळ्या... बंद कर.”

पुढे बसलेल्या विमलताईंनी पदर तोंडाला लावला. आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता. पंजाबराव आदल्या वर्षी हृदयविकारानं गेले होते.

“लाइट नाही, वायर नाही, तरी शिळा बोलली,” महाराज म्हणाले. “नाद म्हणजेच आत्मा. मोबाइलला जसा टॉवर, तशी आत्म्याला शिळा. रेंज माझी, रिचार्ज तुमच्या श्रद्धेचा. श्रद्धा संपली की कॉल कट.”

लोकांनी माना डोलावल्या. त्या काळात आमच्याकडे मोबाइल आणि टॉवर हे शब्द घातले की कुठलीही थाप शास्त्रीय व्हायची.

मी त्या दिवशी मांडवात नव्हते. हे सगळं मला पंजाबरावांच्या मुलीनं, सुरभीनं सांगितलं, आणि तेही तिच्या हनुवटीला टाके पडल्यावर.

माझं नाव प्रभावती. नेरच्या बसस्टँडमागे माझा कॉम्प्युटर क्लास होता. सुरभी माझ्याकडे शिकायला यायची. तिला लहानपणापासून मिरगीचा त्रास. यवतमाळच्या डॉक्टरांच्या गोळ्या नियमित चालू असल्यानं कितीतरी दिवसांत फिट आली नव्हती. शिळेनं हुकूम दिला आणि विमलताईंनी गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं. पुढच्याच आठवड्यात पोरगी माझ्या क्लासमध्ये खुर्चीवरून कोसळली. टेबलाची कड हनुवटीला लागली. फरशीवर तडफडणाऱ्या त्या पोरीचं डोकं मी मांडीवर धरून बसले होते, तेव्हाच माझं त्या महाराजाशी वैर जडलं. ते आजही आहे.

त्या वर्षांत कापसाच्या कर्जानं आमचा मुलूख जेरीस आणला होता. घरोघरी कुणी ना कुणी गेलेलं, आणि प्रत्येक घरात काहीतरी बोलायचं राहून गेलेलं. अशा लोकांच्या मधोमध मांडव टाकून मेलेल्यांचा आवाज विकायला बसणं हे मी दरोड्यापेक्षा हलकट समजते. दरोडेखोर निदान पाया पडून घेत नाही.

सुरभी दवाखान्यातून आली ती एक प्रश्न घेऊनच.

“मॅडम, आवाज बाबाचाच होता. पण त्याच्यामागं बँड वाजून राह्यलता. स्वर्गात बँड कायले वाजते?”

मी विचारलं, “महाराजांनी आधी काही मागितलं होतं का?”

“हो. माणसाची वस्तू द्या म्हणे, तिच्यात प्राण उतरवतो. आईनं ताईच्या लग्नाच्या शूटिंगचा पेनड्राइव्ह नेऊन देल्ला.”

मग मी चौकशी केली. ज्यांनी मेलेल्याचा फोटो किंवा टोपी दिली, त्यांना महाराज सांगायचे, आत्मा अजून वाटेत आहे. ज्यांनी लग्नाचा पेनड्राइव्ह दिला किंवा मेलेल्याचा मोबाइल दिला, त्यांचा माणूस आठवड्याभरात बोलायला लागायचा. थोडक्यात, ज्यांचं शूटिंग झालं नव्हतं ते मेल्यावरही मुकेच होते.

क्लासमधल्या पोरांना मी पेनड्राइव्हच्या नाना तऱ्हा दाखवायचे. खिशात घालून नेता येणारं कार्यालय म्हणजे हे, असं सांगायचे. आपला अर्ज, आपले फोटो, आपले प्रोग्रॅम सोबत न्या, कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसा, काम झालं की काढून घ्या. पोरांना त्यातली गंमत जास्त आवडायची. गाण्यांचे तुकडे कापायचे, मित्राच्या बोलण्यातले शब्द उलटसुलट जोडून त्याच्याच तोंडून त्याला गाढव म्हणवून घ्यायचं, आणि ते स्पीकरच्या डब्यात लावून सगळ्यांनी हसायचं. जी करामत माझी पोरं हसण्यासाठी करत होती, तिच्यावर महाराजाचा मठ उभा होता.

त्या लग्नाची एक प्रत सुरभीच्या थोरल्या बहिणीकडे होती. आम्ही ती मागवून विमलताईंसमोर लावली. पंजाबराव कपाळावरचा घाम पुसत विचारत होते, “विमल, माह्या गोळ्या कुठं ठेवल्या?” रक्तदाबाच्या गोळ्या. थोड्या वेळानं स्टेजवरून ओरडत होते, “पोरीले इकडे आण.” मग शूटिंगवाल्याला, “लाइट बंद कर रे, डोळे दुखून राह्यले.” मागे बँड जोरात.

“काकू, हेच तुकडे जोडले,” मी म्हटलं.

विमलताई माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. “तुमी बुद्धाचे लोकं. तुमाले देव मान्य नाई, आत्मा मान्य नाई. म्हणून तुमाले आमचं खोटं वाटते.”

“मले मान्य नाई, हे खरं. पण बँड तं तुमालेबी ऐकू येते ना?”

“देवाघरी वाजत असन बँड,” त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मला राग आला, पण त्या बाईवर नाही. वर्षभरानं नवऱ्यानं नावानं हाक मारली होती. ती हाक खोटी आहे असं मी सांगत होते. कोण ऐकून घेईल?

त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, दाखवावंच लागणार होतं. मी केळापूरला माझ्या मामाला फोन केला. उकंडामामा बोलण्यात पक्का, आणि नेरमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं. बेत ऐकून तो म्हणाला, “मेल्यावर मले कोन इचारते? जित्तेपनीच मरून पाहू एकदा.”

अंगणात खाटेवर बसवून मी त्याचं बोलणं रेकॉर्ड केलं. तो जेवणाबद्दल, माझ्या क्लासबद्दल बोलला, “बैलाची सेवा कर,” म्हणून मधेच गड्याला ओरडला. “प्रभा, मी इथं सुखात हाओ, काही काळजी करू नको,” असंही बोलला, कारण खरंच सुखात होता, नुकतंच मटण खाल्लं होतं. ते सगळं पेनड्राइव्हमध्ये घालून मी मठात गेले आणि डोळे पुसत म्हटलं, मामा गेला.

कॉम्प्युटरवाली बाई पाया पडायला आली म्हणताच महाराजाची मान ताठ झाली. “विज्ञान जिथं संपतं तिथं आमचा उंबरठा लागतो, बेटी,” तो म्हणाला. शेजारी त्याचा पट्टशिष्य पियुष उभा होता, इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला. त्यानं पेनड्राइव्ह तबकात घेतला.

ठरलेल्या दिवशी दुपारी मांडव पुन्हा भरला. मी मामाला मुद्दाम विमलताईंच्या शेजारी बसवलं. ओळख दिली नाही. दरबार सुरू होईपर्यंत मामानं त्यांना पांढरकवड्याचा बाजार सांगितला, आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगितलं, खिशातले फुटाणे दिले. विमलताई हसल्यासुद्धा.

महाराजानं माझं नाव घेतलं. मी पुढे गेले. “शिळेच्या डोळ्यासमोर उभं राहू नका, नाद अडतो,” पियुषनं बजावलं आणि तो शिळेसमोर टांगलेल्या पडद्याआड गेला. महाराजानं डोळे मिटले. शिळा बोलली.

“प्रभा... मी इथं सुखात हाओ. काही काळजी करू नको. सेवा कर.”

विमलताईंनी सावकाश मान वळवली आणि शेजारच्या माणसाकडे पाहिलं. हाच आवाज आताच त्यांच्याशी गुडघ्याबद्दल बोलत होता.

मामा उठून उभा राहिला. “महाराज, मी तं इथं बसलो हाओ. मेलो कवा, ते तरी सांगा.”

मला वाटलं, संपलं. पण बुवाबाजी इतकी स्वस्तात मरत नाही. महाराजानं डोळे उघडले, दोन्ही हात वर केले आणि गरजला, “पाहा! बेटीच्या अश्रूंनी मला पाझर फुटला. आवाजासोबत मी देहही परत आणला!”

आणि लोक मामाच्या पाया पडू लागले. खरोखर पडू लागले. एका म्हाताऱ्यानं त्याच्या पायाखालची माती कपाळाला लावली.

“अरे, सोडा पाय,” मामा कासावीस होऊन म्हणत होता. “सकाळच्या यष्टीनं आलो मी. कंडक्टरले इचारा.” जितकं तो सांगे तितके लोक गहिवरत. मी ओरडून सांगू लागले की हा माझा मामा आहे, मेलाच नव्हता, तर दोघा सेवेकऱ्यांनी माझे दंड धरले. “नास्तिक बाई, पाप लागन,” मागून कुणीतरी म्हणालं. एक चप्पल माझ्या खांद्यावर येऊन आदळली.

त्या गोंधळात विमलताई उठल्या. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण त्या मठाच्या भक्त. त्या सरळ चौथऱ्यावर चढल्या आणि शिळेच्या डोळ्यासमोर उभ्या राहिल्या.

“बाजूला हो, माते,” महाराज म्हणाला.

“बोलवा न आता यायले,” विमलताई म्हणाल्या. “मी समोर उभी राहून ऐकतो नवऱ्याचं.”

शिळा गप्प. पडदा हलला. तरीही गप्प. विमलताईंनी शिळेला हात घातला. दगड म्हणून त्यांनी जोर लावला आणि ती पत्र्याच्या डब्यासारखी हलकी निघाली, गरकन फिरली. मागून पोकळ. आत गाडीची लहान बॅटरी, एक स्पीकर, आणि स्पीकरच्या सर्किटात खोचलेला आठ जीबीचा पेनड्राइव्ह. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. कपाळावरचा डोळा म्हणजे रिमोटचा किरण आत घेणारी काच. पियुष पडद्याच्या फटीतून बटण दाबायचा. डोळ्यासमोर माणूस आला की बटण लागू होत नसे, एवढाच तो नाद अडण्याचा अर्थ. आणि लाइट गेल्यावर शिळा बोलायची, कारण तिला लाइट लागतच नव्हती.

विमलताईंनी पेनड्राइव्ह उपसून माझ्या हातात दिला. माझे दंड धरणारे हात सुटले होते.

बाहेर ट्रॉलीभर भक्त घेऊन आलेल्या पूनमसिंगचा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या टेपला पेनड्राइव्ह लावायची जागा होती. मी तो त्यात खोचला.

पहिल्यांदा मामाचाच आवाज आला. पूनमसिंगनं पुढचं बटण दाबलं. एक म्हातारी बोलली. पुढचं बटण. एक माणूस नातवाचं नाव घेऊन बोलला. पुढचं बटण, पुढचा मेलेला. उन्हात उभ्या ट्रॅक्टरमधून गावोगावची गेलेली माणसं ओळीनं बोलत होती, आणि ज्याचा माणूस बोले तो जागीच खाली बसे. मग पंजाबराव आले. “विमल... पोरीले इकडे आण. गोळ्या... बंद कर.” मागे बँड. या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.

लोक मांडवात शिरले तेव्हा महाराज मागच्या कनातीतून पळायच्या बेतात होता. काही जणांनी काठ्या उचलल्या होत्या. मामा मध्ये पडला, “मारू नका. पोलिसाच्या हाती द्या, नाई तं ह्याचीच समाधी बांधान तुमी उद्या.” ते मात्र लोकांना पटलं.

जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा झाला नव्हता. पोलिसांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, पियुषनं सगळं कबूल केलं. सुरभीच्या गोळ्या विमलताईंनी स्वतः यवतमाळला जाऊन पुन्हा सुरू केल्या. आजही काही लोक म्हणतात, शिष्य बदमाश होता, महाराज खरे होते. म्हणू देत.

मला बोचलं ते वेगळंच. त्या दिवशी ट्रॅक्टरजवळ बसंतीबाई नावाची तांड्यावरची एक बाई माझ्यासमोर आली होती. तिचा जवान पोरगा विहिरीत बुडून गेला होता. ती शांतपणे म्हणाली, “बाई, तुमी माह्या पोराले दुसऱ्यांदा मारलं.”

पियुषच्या कॉम्प्युटरवर मूळ रेकॉर्डिंगं न कापता पडलेली होती. पोलिसांच्या परवानगीनं मी ती ज्याची त्याला नेऊन दिली. बसंतीबाईच्या घरी गेले तेव्हा तिनं मला बस म्हटलं नाही. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला. मोबाइलवर घेतलेलं बोलणं होतं. तो पोरगा शेळीमागे धावता धावता हसत होता, आणि मधेच “याडी, पाणी दे,” म्हणून आईला हाक मारत होता. बाईनं ते तीनदा लावायला सांगितलं. मग डोळे न पुसताच म्हणाली, “हा माहा पोरगा हाये. मठात बोलत होता तो नव्हता. माह्या पोरानं मले कधी हुकूम नाई केला.”

मला जे पुराव्यानं सिद्ध करावं लागलं, ते तिनं एका वाक्यात ओळखलं.

पेनड्राइव्हसारखी उपयोगी वस्तू नाही. बंद पडलेला कॉम्प्युटर त्याच्या जोरावर पुन्हा सुरू करता येतो. गेलेला माणूस येत नाही. त्याचं बोलणं जपून ठेवा, वाटेल तेव्हा ऐका, रडा, हसा. पण मेलेला माणूस नवं बोलू लागला, त्यातही औषध सोडा, अमक्याला शरण जा असं सांगू लागला, तर हात जोडू नका. उठा, शिळेच्या मागे जा, आणि तिथं कोण बसलंय ते आपल्या डोळ्यांनी बघा.