खातं क्रमांक ४४१७

मयताच्या घरी केक कापत नाहीत, एवढी अक्कल माणसांना असते, कंपन्यांना नसते. 'संगत' बंद होणार म्हणून ऑफिसात तीन किलोचा केक आणला होता. संगत म्हणजे कंपनीच्या गेम खेळायच्या यंत्रांना इंटरनेटवरून एकमेकांशी जोडणारी सेवा. इथलं पोर घरबसल्या कुठल्या कुठल्या पोराशी गाड्यांची शर्यत लावायचं आणि खेळता खेळता माइकवर दोघांच्या गप्पा चालायच्या. बारा वर्षं हे चाललं. आता कंपनीला नवी यंत्रं खपवायची होती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सहाला संगत कायमची बंद. साहेबांनी 'हा शेवट नाही, हा प्रवास आहे' असं भाषण ठोकलं आणि ज्यांना घरी बसवणार होते त्यांनाच केकचे तुकडे वाटायला लावले. वहिनींनी आपला तुकडा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.

वय, हुद्दा काही असो, ऑफिसात त्यांना सगळे वहिनीच म्हणत. तक्रार विभागात त्या पहिल्या दिवसापासून होत्या. खेळताना कोणी घाण बोललं आणि समोरच्यानं तक्रार केली, की ते बोलणं मशीन लिहून काढायचं. आवाज नाही, नाव नाही, फक्त खात्याचे शेवटचे चार आकडे. मग एकानं ते मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं शिक्षा ठरवायची. वाचताना आवाज हलू द्यायचा नाही, हा विभागाचा दंडक होता. किराणा मालाची यादी वाचावी तशा आयाबहिणींवरच्या शिव्या वाचायच्या. वहिनी वाचत आणि समोरच्या टेबलावरचे बुवा शिक्षा टाकत. स्वतःच्या तोंडून त्यांनी कधी 'गाढव'सुद्धा काढलं नव्हतं, म्हणून ते बुवा. माणसाच्या तोंडातून जे जे बाहेर पडू शकतं ते सगळं वहिनींनी वाचलं होतं आणि घरी जाऊन पोटभर जेवल्याही होत्या. सवय झाली की गटारीकाठीही झोप लागते.

एका खात्याची मात्र त्यांना शिसारी होती. ४४१७. या माणसाच्या बोलण्यात एकही शिवी नसे. भाषा शुद्ध, वाक्यं पूर्ण. लहान मुलांशी गोडीनं ओळख करायची, दोन-चार दिवस त्यांना जिंकू द्यायचं, आणि पोर हरलं की हळूच सुरुवात करायची. अडखळत बोलणाऱ्या एका मुलाला त्यानं म्हटलं होतं, "घाई नको, बाळ. आम्ही थांबतो. तुझ्या घरचेही रोज थांबतात. ते किती कंटाळलेत, हे तुला कोणी सांगितलं नाही का?" तीन आठवडे तो त्या पोराला असा कुरतडत होता. पोरानं घरातही बोलणं सोडल्यावर त्याच्या आईनं तक्रार केली. ते कागद वाचताना दहा वर्षांत पहिल्यांदा वहिनींचा आवाज हलला. बुवांनी कायमची बंदी टाकली.

पंधरा दिवसांनी ४४१७ चा माफीचा अर्ज आला. काय लिहिलं होतं मेल्यानं! 'माझ्यातलं विष मला आज दिसलं. एकटेपणानं मी कडू झालो, पण तो दोष जगाचा नाही, माझा आहे.' वहिनी विरघळल्या. बंदी उठवायला वाचणाऱ्याची सही लागे. करावी की नाही, हे काही ठरेना, तेव्हा त्यांनी विभागात कोणी करू नये ते केलं. तक्रारीतली गोष्ट घरी न्यायला सक्त मनाई असताना त्यांनी ती जेवताना नवऱ्याला सांगितली, अर्जातली दोन वाक्यंही म्हणून दाखवली. नवरा निवृत्त भाषाशिक्षक. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, म्हणून वहिनीही मास्तरच म्हणत. मास्तरांनी घास नीट चावून संपवला. अर्ज मनापासून लिहिलेला दिसतो, म्हणाले. माणसाला एक संधी द्यायलाच हवी. दुसऱ्या दिवशी वहिनींनी सही केली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. आता वहिनींचं सगळं लक्ष रविवारकडे लागलं होतं. दूर दिलेली लेक सहा वर्षांत नातवाला एकदाही आजोळी ठेवायला तयार झाली नव्हती. कधी त्याचा खोकला, कधी तिची रजा, कधी नुसतंच 'बघू'. वहिनींनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, जावयाला मध्ये घातलं. शेवटी यंदाच्या सुटीत दोन आठवडे पाठवते, असं ती म्हणाली होती. वहिनींनी नातवासाठी नवी गादी आणली होती आणि मास्तर म्हणाले होते, त्याला मी शर्यत खेळायला शिकवीन.

शुक्रवारी दुपारी खाती पुसायचं काम सुरू झालं. शिक्षा झालेलं खातं कायमचं पुसण्याआधी त्याचं नाव आणि पत्ता दोघांनी तपासायचा, असा नियम होता. बारा वर्षं झाकलेली नावं त्या एका दुपारी उघडी पडत होती. बुवा पडद्यावर बघून सांगत आणि वहिनी यादीवर खूण करत. ४४१७ आला तसे बुवा थांबले.

"वहिनी, हे तुम्हीच बघा," ते म्हणाले.

वहिनी उठून त्यांच्या मागे गेल्या. पत्ता त्यांच्या घरचा होता. नाव त्यांचं स्वतःचं होतं. चार वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांना एकेक खातं फुकट मिळालं होतं. त्यांनी ते उघडून यंत्रासकट मास्तरांच्या हवाली केलं होतं, निवृत्तीनंतर दुपार खायला उठते म्हणून. खात्याचा आकडा बघायची गरजच कधी पडली नव्हती.

"बुवा, मी खेळत नाही हो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. तक्रारीतली सगळी बोलणी दुपारची आहेत. दुपारी तुम्ही माझ्यासमोर असता."

वहिनी बेसिनपर्यंत कशाबशा पोचल्या आणि भडाभडा ओकल्या. तोंड धुतलं तरी चव जाईना. रोज ज्याच्या ताटात वाढलं, ज्याच्या डोक्याला तेल चोळलं, त्याच्याच तोंडचं त्या ऑफिसात वाचत होत्या आणि त्याचा पगार घेत होत्या. वर त्यालाच विचारून त्यालाच माफ केलं होतं. नियम धाब्यावर बसवून त्यांनी त्या मुलाच्या तक्रारीचे कागद छापून घेतले आणि साहेबांना न सांगता पाच वाजता घर गाठलं.

मास्तर माइक लावून बसले होते. बंद व्हायला तास उरला होता, तेव्हा खेळून घेतो म्हणाले. तुमच्या कंपनीला काळीज म्हणून नाही. वहिनींनी पर्स खांद्यावरून न काढता कागद उघडले आणि ऑफिसातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. घाई नको, बाळ. आम्ही थांबतो. तीन आठवड्यांचं सगळं वाचलं, तारखांसकट, वेळेसकट. मास्तरांनी माइक काढून त्याची वायर नीट गुंडाळली.

"अगं, ते खेळातलं बोलणं," ते म्हणाले. "तिथे कोणी खरं नसतं."

"त्याच्या आईला उत्तर मी लिहिलं होतं. तुमच्या मुलाला आता कोणी त्रास देणार नाही, असं लिहिलं होतं. त्यावर सही माझी आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, आवाज खाली आणला आणि बोलू लागले. एकटेपणानं मी कडू झालो, पण दोष माझा आहे. शब्दाला शब्द. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं जागच्या जागी होतं. दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते याच जागी. आता त्यांना वाटलं, हा माणूस नासलेलं दूध पुन्हा उकळून पुढे करतोय. किळस आली, त्याच्यापेक्षा जास्त स्वतःची.

"पुरे करा," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगावर शहारे येतात तुमच्या आवाजानं."

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं आणि लेकीला फोन केला. सहा वर्षं ज्याच्यासाठी पदर पसरला तेच आता आपल्या तोंडानं नाही म्हणायचं होतं. कारण सांगायला जीभ रेटेना. जन्मभर लेकीपुढे बापाचे गोडवे गायले होते. पण खोटं सांगितलं तर लेक पोराला पाठवील. वहिनींनी एका दमात सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, रविवारी त्याला पाठवू नकोस.

पलीकडे लेक रडत असेल असं वाटून वहिनी समजूत घालायला शब्द शोधत होत्या.

"मला पाढे म्हणताना मध्येच आठवायचं नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तेव्हा बाबा असंच म्हणायचे. घाई नको, बाळ. आम्ही थांबतो. तू तेव्हाच्या नोकरीवर असायचीस."

"तू मला कधी बोलली का नाहीस ग?"

"बोलले होते, आई. तिसरीत असताना. बाबा इतकं छान बोलतात, तुला चांगलं बोललेलंही लागतं, असं म्हणून तू मला त्यांची माफी मागायला लावलीस."

वहिनी नव्या गादीवर बसल्या. कधीचं ते, कुठलं ते, त्यांना काहीच आठवत नव्हतं. बाहेरच्या खोलीतून मास्तर त्यांना हाक मारत होते, हळू आवाजात, अतिशय गोड.

"आणि तू काळजी करू नकोस," लेक म्हणाली. "मी तिकीट काढलंच नव्हतं."