एकाच चुलीचं जेवण

डॉक्टरीणबाईंनी स्टीलचा दुतोंडी नादकाटा तळहातावर आपटला आणि त्याची दांडी अरुंधतीच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवली.

"काही थरथरतंय का, विचारतायत," शेजारी बसलेला तिचा नवरा, गुरुदत्त, म्हणाला.

काटा थरथरत होता, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. पायाला मात्र पत्ताच नव्हता.

"नाही."

घोट्यावरही तेच. गुडघ्यावर जरासं गुणगुणल्यासारखं झालं, तशी ती "कळलं, कळलं!" म्हणून मराठीतच ओरडली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात फोडणीचं तेल पायावर उडालं होतं. आणि बाईसाहेबांना कळलं कधी? तर संध्याकाळी मोजा काढताना, त्याच्याबरोबर कातडं निघून आलं तेव्हा. तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोघं एकाच चुलीवरचं जेवता ना, मग दोघांचंही रक्त बघू.

जर्मनीत नेकारसुल्मला येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. गुरुदत्त गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि ती घरी. बाजारहाटापुरतं जर्मन तिला येत होतं. डॉक्टर, सरकारी कचेरी, घरमालक असं काही असलं की गुरुदत्त ऐकायचा, मराठीत सांगायचा आणि ती मान हलवायची. तशी सवयच पडून गेली होती.

"तुझ्या अंगात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच म्हणे," तो सांगू लागला. "मटण, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं ते. नसलं की नसा झिजत जातात. आता इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"पाय होतील ना पहिल्यासारखे? नीट विचार रे."

त्याने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी खांदे जरासे उडवले.

"बरेच सुधारतील म्हणतायत. अगदी पूर्ण होतीलच असं नाही सांगता येत."

अगं बाई! अजून पस्तिशीही गाठली नव्हती तिने. दुधाचा तिला लहानपणापासून तिटकारा, ते एक सोडा. पण मासे? रेवदंड्याची मुलगी ती, दात यायच्या आधी बोंबील चोखलेली. लग्न ठरताना गुरुदत्तने स्पष्टच विचारलं होतं, "आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. मी तर आयुष्यात शिवलेलो नाही. जमेल तुला?" इतकं सरळ बोलणारा मुलगा तिला फार आवडला, आणि ती हो म्हणून बसली. मग माहेरी गेली तरी आई सुरमई तळायची आणि ही आपली वरणभात पुढ्यात घेऊन बसायची. आई मोरीपाशी जाऊन डोळे पुसून यायची. कुणाची बळजबरी नव्हती. शब्द दिला होता, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी आता गुरुदत्तचा रिपोर्ट उघडला. त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि बरंच काही बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. माझं ठीक आहे."

पण बाईंचं संपलं नव्हतं. बोलता बोलता एक शब्द आला, हॅम्बुर्गर. त्याला कशाला हवाय दुभाष्या? बाई हसत हसत काहीतरी विचारत होत्या. गुरुदत्तने मान खाली घातली.

"ड्राय माल," तो पुटपुटला. "इन डेर वोखे."

तीनदा. आठवड्यातून. एवढं तर तिला बाजारहाटाच्या जर्मनवरही कळत होतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. तिला जमीनच लागत नव्हती, म्हणून तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. गाईचं की कसलं, तो विचारही मनाला शिवला नाही. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, रोज समोर बसून तिच्या हातची उसळ खाणाऱ्या तोंडाकडे.

डॉक्टरीणबाई आता तिच्याकडे वळल्या आणि तिला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारू लागल्या. मांस वाईट नाही, त्यामुळेच तर यांचं बी-ट्वेल्व्ह इतकं छान आहे. पण त्याच्यावरचं चीज, बरोबरचे तळलेले बटाटे, तो गोड कोला! कोलेस्टेरॉल किती चढलंय बघा. अशानं हृदय थकतं. कमी करायला सांगा यांना.

"या," अरुंधती म्हणाली. म्हणजे हो. दुसरं काय म्हणणार?

"आणि तुम्ही का नाही जात कधी यांच्याबरोबर?" बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं.

तिला सगळं समजलं. ती वाकून मोजा चढवू लागली.

बाहेर आल्यावर फुटपाथवर ती पाय बघून बघून टाकत चालली. फुटबॉलचा वर्ल्डकप संपून किती आठवडे झाले होते, तरी समोरच्या एका खिडकीत अजून झेंडा लटकत होता. गुरुदत्तने कोपर धरायला हात पुढे केला. तिने कोपर आवळून घेतलं.

"अरू, ऐक ना. दुपारी कारखान्यातले सगळे जातात गं. आधी मी नुसते बटाटेच खायचो. मग एकटाच काय वेगळा दिसायचा..."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

ती थांबली. पाठीमागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी हलली नाही. शेवटी तोच सायकल रस्त्यावर उतरवून पुढे गेला.

"पण आईशप्पथ सांगतो," गुरुदत्त काकुळतीला आला, "घरात कधी म्हणजे कधीच आणलं नाही. तुझा नेम मोडू दिला नाही मी."

"हो ना," अरुंधती म्हणाली. "आणि मी घरातच होते."